प्रतिज्ञेतला सर्वांत मोठा शब्द

महाराष्ट्रातल्या शाळांत रोज सकाळी म्हटली जाणारी प्रतिज्ञा कोणालाही विचारा, झोपेतून उठवून विचारली तरी तो ती म्हणून दाखवेल. पण तिच्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द कोणता, असे विचारले की माणूस थबकतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : ‘देश’. उत्तर चूक म्हणता येत नाही आणि बरोबरही म्हणता येत नाही. कारण ‘सर्वांत जास्त वेळा’ हे मोजायचे कसे, यावर ते अवलंबून आहे.

मजकुरात जो शब्द जितक्या वेळा येतो तितका तो मोठा काढायचा आणि सगळे शब्द एकमेकांना खेटून ढगासारखे मांडायचे, या चित्राला वर्ड क्लाउड म्हणतात. मराठीत शब्दमेघ. गेल्या काही वर्षांत हे चित्र वर्तमानपत्रांत, अर्थसंकल्पाच्या बातम्यांत, कंपन्यांच्या सादरीकरणात आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत सर्रास दिसू लागले. संगणकात मजकूर टाकला की काही सेकंदांत रंगीत चित्र तयार होते, ते पडद्यावर दिसते, मुले ‘वा’ म्हणतात आणि तास पुढे सरकतो. इतक्यावरच थांबायचे असेल, तर शब्दमेघ ही वर्गातली सजावट आहे. शिकवण्याचे साधन म्हणून त्याची किंमत चित्र तयार होण्याच्या आधीच्या अर्ध्या तासात दडलेली आहे.

हा अर्धा तास कसा असतो, ते प्रतिज्ञेवरच करून पाहू. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली मूळ तेलुगूत लिहिलेली ही प्रतिज्ञा आज पाठ्यपुस्तकांत ज्या मराठी रूपात छापली जाते, तिच्यात सुमारे ७० शब्द आहेत. पहिल्यांदा काहीही न वगळता, शब्द जसा दिसतो तसा मोजू. ‘आहे’ ५ वेळा, ‘आणि’ ५ वेळा. ‘माझे’ ४, ‘माझ्या’ ४, ‘मी’ ३, ‘देश’ २. म्हणजे पहिल्या ढगात ‘आहे’ आणि ‘आणि’ हे दोन धटिंगण मधली सगळी जागा अडवून बसतात आणि देश कोपऱ्यात जातो.

हे बरे दिसत नाही, म्हणून संगणकवाले करतात ते करू. आहे, आणि, मी, माझा, त्या, यांच्याशी असे सर्वत्र आढळणारे शब्द काढून टाकू. उरलेल्यांत ‘देश’ २ आणि ‘परंपरांचा’ २. बाकी प्रत्येक शब्द एकेकदाच. दुसरा ढग म्हणजे सपाट मैदान. त्यातून काही कळत नाही.

तिसऱ्या वेळी शब्दांची रूपे एकत्र करू. ‘देश’, ‘देशावर’, ‘देशातल्या’ हा एकच शब्द धरला, तर देश ४ वेळा येतो. ‘देशबांधव’ही त्यात घ्यायचा का? घेतला तर ५. आता देश खरोखर मोठा झाला, आणि आपले सुरुवातीचे उत्तर बरोबर ठरल्यासारखे वाटले. पण मग न्याय सगळ्यांना सारखा हवा. ‘माझा’ २, ‘माझे’ ४, ‘माझ्या’ ४ : एकूण १०. त्यात ‘मी’ आणि ‘मला’ मिळवले की १४. दर पाच शब्दांमागे जवळपास एक! देशाच्या प्रतिज्ञेत सर्वांत जास्त वेळा देश येत नाही, ‘मी’ येतो. आणि नेमका हाच शब्द आपण दुसऱ्या फेरीत बिनमहत्त्वाचा म्हणून फेकून दिला होता.

आठवीच्या वर्गात यावर वाद घडवून पाहावा. ही प्रतिज्ञा देशाचे वर्णन आहे, की देशाशी असलेल्या माझ्या नात्याचे? तिच्यात देशाने काय करावे हे कुठे आहे का? आधी कधीच न पडलेले हे प्रश्न मोजणीमुळे पडले. चित्र अजून काढलेलेही नाही.

मोजणाऱ्यांची परंपरा

शिकवण्यासाठी शब्द मोजणे हे संगणकाच्या कितीतरी आधीचे काम आहे. जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म केडिंग याने १८९७-९८ मध्ये लघुलिपीच्या सोयीसाठी सुमारे एक कोटी दहा लाख शब्दांची मोजणी हाताने करवून घेतली. त्यानंतर १९२१ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक याने खास शिक्षकांसाठी ‘द टीचर्स वर्ड बुक’ काढले. इंग्रजीत जास्तीत जास्त वापरले जाणारे १० हजार शब्द त्यात होते. मुलांना कोणते शब्द आधी शिकवायचे, हे गुरुजींच्या अंदाजावर न सोडता मोजून ठरवावे, ही त्यामागची कल्पना.

मोजणी वाढली तशी एक विचित्र शिस्त दिसू लागली. हार्वर्डच्या जॉर्ज झिफ याने १९३०-४०च्या दशकांत ती ठळकपणे मांडली : पहिल्या क्रमांकाचा शब्द जितक्या वेळा येतो, त्याच्या साधारण निम्म्या वेळा दुसरा येतो, एकतृतीयांश वेळा तिसरा, आणि असेच पुढे. ब्राउन विद्यापीठाने १९६०च्या दशकात जमवलेल्या दहा लाख इंग्रजी शब्दांच्या संग्रहात ‘द’ हे एकटे उपपद जवळपास ७ टक्के जागा व्यापते. थोडक्यात, कोणत्याही भाषेतल्या मजकुरात मूठभर शब्द अखंड बडबडत असतात आणि हजारो शब्द एखाददुसऱ्यांदाच तोंड उघडतात. प्रतिज्ञेतले ‘आहे’ आणि ‘आणि’ हे त्या बडबड्या मंडळींपैकी.

आयबीएममध्ये काम करणाऱ्या हान्स पीटर लून याने १९५८ मध्ये यंत्राकडून लेखाचा सारांश काढून घेण्याची रीत सुचवली. अतिशय वारंवार येणारे शब्द बाजूला ठेवायचे, अगदी क्वचित येणारेही सोडायचे. अर्थ मधल्या पट्ट्यात सापडतो, हा त्याचा आडाखा. शब्दमेघ काढणारी आजची बहुतेक साधने वगळायच्या शब्दांची जी यादी पोटात बाळगतात, तिचे मूळ इथे आहे. ही यादी म्हणजे चाळणी, आणि चाळणीची भोके किती मोठी ठेवायची हे चाळणाऱ्याने ठरवायचे असते.

ते यंत्रावर सोडले तर काय निसटते, याचे उत्तम उदाहरण इटलीतले जेझुइट धर्मगुरू रॉबर्टो बुसा. मध्ययुगीन तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या लेखनातली ‘उपस्थिती’ची कल्पना त्यांना तपासायची होती. शोधता शोधता त्यांच्या लक्षात आले, की किल्ली मोठमोठ्या पारिभाषिक शब्दांत नाही. लॅटिनमधल्या ‘इन’ या चिमुकल्या अव्ययात आहे. मराठीत ज्याचे काम ‘आत’ किंवा ‘-त’ हा प्रत्यय करतो, ते हे अव्यय. बुसांनी ‘इन’ असलेली वाक्ये हाताने सुमारे १० हजार कार्डांवर उतरवली. मग १९४९ मध्ये ते आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना भेटले आणि यंत्राची मदत मागितली. पुढची तीस वर्षे चाललेल्या कामातून अक्वायनसच्या सुमारे एक कोटी शब्दांची ५६ खंडांची सूची उभी राहिली. आजचे नेहमीचे शब्दमेघाचे साधन बुसांचा तो ‘इन’ पहिल्याच फटक्यात उडवून लावेल. प्रतिज्ञेतल्या ‘माझा’ची गतही तीच.

आकाराने महत्त्व दाखवण्याची युक्तीही जुनी आहे. स्टॅन्ली मिलग्रॅम हे नाव आज्ञाधारकपणावरच्या प्रयोगामुळे गाजले. त्यांनी आणि डेनिझ जोदले यांनी १९७६ मध्ये पॅरिसकरांना आठवेल तसे आपल्या शहराचे नकाशे काढायला लावले. मग सगळ्यांचा मिळून एक नकाशा केला. जे ठिकाण जितक्या लोकांनी काढले, तितके त्याचे नाव मोठे. हा प्रयोग आपल्या शाळेत जसाच्या तसा होऊ शकतो. ‘आपल्या गावाचा नकाशा आठवून काढा’ एवढेच सांगायचे. देऊळ, बसथांबा, तळे, दवाखाना यांपैकी किती मुलांच्या नकाशात काय आले ते मोजायचे आणि एकच मोठा कागद भरायचा. ग्रामपंचायतीचे कार्यालय एकाही नकाशात नसेल, तर नागरिकशास्त्राचा पुढचा तास आयताच मिळाला.

पुढे २००४च्या सुमारास फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने लहानमोठ्या शब्दांची यादी लोकप्रिय केली. पण आज डोळ्यांसमोर येणारा देखणा ढग घडवला तो आयबीएममधल्या जोनाथन फाइनबर्ग यांनी. त्यांचे ‘वर्डल’ २००८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याची रीत सोपी होती : सर्वांत मोठा शब्द आधी ठेवायचा, पुढचा त्याच्याजवळ, धक्का लागत असेल तर गोल गोल फिरवत बाहेर सरकवत न्यायचे, जागा सापडली की तिथेच सोडायचे. अक्षरांच्या पोकळीतही बारके शब्द बसत. शिक्षकांनी हे साधन उचलून धरले. पुढे ब्राउझरांनी, वर्डल ज्यावर चालत असे त्या जावाचा आधार काढला आणि ते मावळले. आज त्या नावाने ओळखला जातो तो पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ. त्याचा याच्याशी संबंध नाही.

फाइनबर्ग यांच्या रीतीतून एक गोष्ट उघड होते. ढगातली शब्दाची जागा, त्याचा रंग, तो आडवा की उभा, या कशालाच अर्थ नसतो. अर्थ फक्त आकाराला. शेजारी बसलेले दोन शब्द मजकुरातही शेजारी होते असे मुलांना हमखास वाटते. तसे नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलेले बरे.

मराठी ढग फाटतो कुठे

इंग्रजी शब्द वाक्यात फारसे रूप बदलत नाही. मराठी शब्दाला मात्र प्रत्यय चिकटतात आणि चिकटण्याआधी तो स्वतःही वाकतो. पाणी, पाण्याला, पाण्यात, पाण्यातल्या, पाण्यावरून. माणसाला एक शब्द दिसतो, यंत्राला पाच. त्यामुळे दुष्काळावरच्या धड्यातसुद्धा पाणी पाच तुकड्यांत विभागून किरकोळ ठरू शकते. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या ‘मराठी शब्दबंध’सारख्या प्रकल्पांनी शब्दांची नाती यंत्राला समजावण्याचे काम केले आहे, पण वर्गात सहज हाताशी असलेल्या साधनांपर्यंत ती समज पोचलेली नसते.

त्याहून गमतीची अडचण मात्रांची. पायथॉन या संगणकभाषेतली, शब्दमेघ काढणारी प्रचलित साधने मजकुरातून शब्द वेगळे करण्यासाठी जो ठरीव नियम वापरतात, त्यात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही चिन्हे अक्षरांत धरली जात नाहीत. वेलांटी आली की शब्द संपला, असे यंत्राला वाटते. नियम बदलून दिला नाही, तर ‘पाऊस’ फुटतो आणि त्यातून ‘ऊस’ बाहेर पडतो. ‘सरकार’चे ‘सरक’ होते, ‘भारत’चे ‘रत’, ‘आहे’चा ‘आह’. पावसाळ्यावरचा निबंध यंत्रात घालावा आणि ढगात ऊस डोलावा, असा हा प्रकार. पडद्यावर अर्धवट मराठी दिसले की आपण फॉन्टला दोष देतो. बरेचदा खोट त्याच्या आधीच्या पायरीत असते.

आणखी एक बारकावा. ‘वडीलधाऱ्या’तला ‘ऱ्या’ संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. छापील रूप तेच, पण यंत्राच्या हिशेबी शब्द दोन. ‘पाऊस’ आणि ‘पाउस’ तर दिसायलाही वेगळे. मुलांनी स्वतः टंकलेल्या उत्तरांचा ढग काढला, की ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक नवा शब्द होऊन तरंगू लागते. शुद्धलेखनाचा नियम पाठ करून घेण्यापेक्षा तो का लागतो हे असे दिसणे अधिक परिणामकारक.

या सगळ्या अडचणींकडे शिक्षकाने तक्रार म्हणून पाहू नये. मराठी ढग यंत्राकडून आयता मिळत नाही, म्हणूनच तो मुलांकडून करून घेण्यात राम आहे. ‘पाण्यातल्या’ या शब्दात मूळ शब्द कुठे संपतो आणि प्रत्यय कुठे सुरू होतो, हे ठरवल्याशिवाय मोजणी पुढे जात नाही. सामान्यरूप आणि विभक्तिप्रत्यय हा व्याकरणातला रुक्ष मानला जाणारा भाग इथे हत्यार म्हणून हातात येतो.

खडू, फळा आणि एक तास

यासाठी संगणक नको. धड्यातला दहा-बारा ओळींचा उतारा घ्यावा. वर्गाचे चार-पाच गट करावेत आणि प्रत्येक गटाने मोजणीआधी आपले नियम कागदावर लिहावेत. कोणती रूपे एक धरणार? ‘शेत’ आणि ‘शेतकरी’ एक की दोन? कोणते शब्द वगळणार? ‘नाही’ वगळणार का? मग ताळ्याच्या खुणा करत मोजणी. त्या मुलांना गणितात आधीच शिकवलेल्या असतात.

फळ्यावर लिहिताना मापही ठरवून घ्यावे : एकदा आलेला शब्द बोटभर उंचीचा, तीनदा आलेला चार बोटे, पाचदा आलेला वीतभर. इथे मुलांच्या लगेच लक्षात येते, की प्रतिज्ञेत एकदाच आलेला ‘वडीलधाऱ्या’ फळ्यावर तितक्याच वेळा आलेल्या ‘मला’पेक्षा जास्त जागा खातो. लांब शब्द उगाच महत्त्वाचा भासतो. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅगिल यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले, की एकाच रेषेवरची स्थाने किंवा लांबी यांची तुलना माणूस बऱ्यापैकी अचूक करतो. क्षेत्रफळाच्या बाबतीत त्याचा अंदाज चुकतो. म्हणून त्याच आकड्यांचा स्तंभालेख ढगाशेजारी काढावा. ‘देश’ जास्त की ‘परंपरा’, हे स्तंभ चटकन सांगतो. काय काय आहे याची झलक ढग देतो. कोणत्या प्रश्नाला कोणते चित्र, हे त्या दोन चित्रांत मुलांना दिसते.

निबंधाच्या बाबतीत ही मोजणी आरशाचे काम करते. आपल्याच निबंधातले शब्द मोजायला सांगितले, की ‘खूप’ आणि ‘मग’ यांची गर्दी ज्याची त्याला दिसते. लाल शाईची गरज पडत नाही. एकाच घटनेच्या दोन वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचीही अशी तुलना करता येते. तेव्हा दर शंभर शब्दांमागे किती, असे मोजावे. नाहीतर लांब बातमी आपोआप जिंकते.

जिथे मोजणी हरते

प्रतिज्ञेच्या आधीच, पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर, संविधानाची उद्देशिका असते. तिच्या मराठी पाठातले शब्द मोजले तर ‘व’ ५ वेळा येतो, ‘आणि’ ३ वेळा, ‘करून’ ३ वेळा. उभयान्वयी अव्यये काढली, की ढगाच्या मध्यभागी ‘करून’ विराजमान होतो. आणि न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता? प्रत्येकी एकदा. ज्या चार शब्दांसाठी ती उद्देशिका आहे, ते शब्दमेघात ‘दिनांक’ आणि ‘रोजी’ यांच्या मापाचे होतात.

प्रतिज्ञेनंतर लगेच उद्देशिका मोजायला द्यावी, ती याचसाठी. एका मजकुरात मोजणीने दडलेली गोष्ट वर आणली, दुसऱ्यात तिने समोरची गोष्ट झाकली. कायद्याचा मसुदा शब्द एकदाच आणि जपून वापरतो, सामूहिक उच्चारासाठी लिहिलेला मजकूर पुनरुक्ती करतो. त्यामुळे वारंवारतेचा अर्थ लेखनप्रकारानुसार बदलतो. हे चौदा वर्षांच्या मुलाला व्याख्येतून सांगितले तर डोक्यावरून जाईल. दोन ढग शेजारी ठेवले की त्याला ते स्वतः म्हणता येते.

पत्रकारितेत यावरून कडक टीका झाली आहे. न्यूयॉर्क टाइम्समधले जेकब हॅरिस यांनी २०११ मध्ये शब्दमेघ अपायकारक असल्याचे ठणकावून लिहिले. इराक युद्धाच्या नोंदींसारख्या गंभीर मजकुराचा ढग करणे त्यांना मान्य नव्हते : संदर्भ गळून पडतो, वाचकाला अर्थ लावायला एकटे सोडले जाते आणि आपण विश्लेषण केले असा लेखकाचा समज होतो. टीका रास्त आहे. ती तयार ढगावरची आहे आणि वर्गातल्या आयत्या ढगालाही तितकीच लागू पडते. ‘मला गणिताची भीती वाटत नाही’ असे वीस मुलांनी लिहिले, तर ढगात ‘भीती’ हाच शब्द अक्राळविक्राळ होतो, कारण ‘नाही’ चाळणीतून केव्हाच खाली गेलेला असतो.

बारक्या शब्दांची बाजू

आता मोबाइलवरून उत्तर पाठवले की पडद्यावर ढग जागच्या जागी वाढत जातो, अशी साधनेही आली आहेत. स्वीडनमधले मेंटिमीटर त्यांतले प्रसिद्ध. एरवी हात वर न करणाऱ्या मुलालाही यात बोलता येते, हा मोठा लाभ. धोका असा, की बहुमताचा शब्द फुगतो आणि सगळे त्याच्याकडेच पाहतात. ‘शाळेत काय बदलावे’ या प्रश्नाला तीस मुलांनी ‘मैदान’ लिहिले आणि एकीनेच ‘स्वच्छतागृह’, तर तो एकटा शब्द ढगाच्या कडेला मुंगीएवढा दिसेल. चर्चा सर्वांत लहान शब्दापासून सुरू करण्याचा नियम शिक्षकाने स्वतःला घालून घ्यावा. मोठा शब्द स्वतःची बाजू मांडतोच. लहान शब्दाला वकील लागतो.

कधी कधी सपाट ढग हीच मिळकत असते. मुलीला घरी काय म्हणतात, असा प्रश्न वसतिगृहातल्या किंवा शहरातल्या मिश्र वर्गात टाकला, तर वऱ्हाडातली ‘पोट्टी’, मालवणातले ‘चेडू’, देशावरची ‘पोरगी’ आणि पुस्तकातली ‘मुलगी’ एका पातळीवर येतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारकडे भिली बोलणारी मुले मराठी शाळेत बसलेली असतात. त्यांचे शब्द या ढगात यावेत म्हणून वेगळी परवानगी लागत नाही. इथे रूपे एकत्र करायची नाहीत, काही वगळायचेही नाही. आधीच्या तासाला पाळलेले नियम या तासाला मोडायचे, आणि ते का मोडले हे मुलांनी सांगायचे.

उरला मूल्यमापनाचा प्रश्न. चित्राला गुण देऊ नयेत. चित्राला गुण दिले, की स्केचपेनचा मोठा संच असलेला गट पहिला येतो. प्रत्येक ढगाखाली तीन ओळी मागाव्यात : आम्ही कोणते शब्द एकत्र केले, कोणते वगळले आणि का, ढगात न दिसणारी पण मजकुरात असलेली महत्त्वाची गोष्ट कोणती. गुण त्या तीन ओळींना. एकाच उताऱ्यावर दोन गटांचे ढग वेगळे आले तर कोणाचा बरोबर, असे मुले विचारतील. नियम लिहिलेले असतील आणि पाळलेले असतील, तर दोन्ही बरोबर. पण कोणता अधिक उपयोगी, यावर त्या दोन गटांना एकमेकांसमोर बोलायला लावावे. मतमोजणी, सर्वेक्षणे, टक्केवारी आणि आलेख यांच्या आधारे ही मुले उद्या आयुष्यातले निर्णय घेणार आहेत. प्रत्येक आकड्याआधी कोणीतरी काय मोजायचे आणि काय सोडायचे ते ठरवलेले असते, हे त्यांना शाळेतच, स्वतः ठरवून, कळलेले असावे.